यंत्रमागांच्या नोंदीसाठी बंद फर्मवेअर नसलेला बोर्ड कोणता?

प्रश्न
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मागांच्या फेऱ्या मोजून पाळीनिहाय नोंद ठेवणारा छोटा बोर्ड बसवायचा आहे. त्याला पडदा नसेल. पुढे दुरुस्तीसाठी कोणावर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून त्यातील प्रत्येक प्रोग्रॅमचा, फर्मवेअरचाही (उपकरण चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचाही), सोर्स कोड हाती असावा, असा माझा आग्रह आहे. सध्या रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक-बोर्ड आहे. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली घातली, तरी ‘स्टार्ट.ईएलएफ’ ही बंद (सोर्स कोड न मिळणारी) फाइल उरतेच. ती काढून चालेल का?

उत्तर १
चालणार नाही. रास्पबेरी पायमध्ये आधी व्हिडिओकोर हा ग्राफिक्सचा प्रोसेसर सुरू होतो, तो ‘बूटकोड.बिन’ आणि ‘स्टार्ट.ईएलएफ’ या बंद फाइली वाचून रॅम तयार करतो आणि त्यानंतरच मुख्य आर्म प्रोसेसर चालू करतो. त्यामुळे लिनक्स-लिब्रे कर्नल (बंद भाग काढलेला लिनक्सचा गाभा) घालूनही हा अडसर दूर होत नाही.

आपण बीगलबोन ब्लॅक घ्यावा. त्याच्या एएम३३५८ चिपमध्ये कोरलेला, बदलताच न येणारा बूट रॉम (चालू होतानाचा पहिला प्रोग्रॅम) वगळला, तर कर्नल सुरू करून देणाऱ्या यू-बूटपासून पुढचे सारे मुक्त, म्हणजे सोर्स कोडसह आहे. बंद ड्रायव्हर लागतो तो पॉवरव्हीआर ग्राफिक्सला, आणि आपल्याकडे तर पडदाच नाही. शिवाय मोजणीसाठी चिपमध्ये २०० मेगाहर्ट्झचे दोन स्वतंत्र पीआरयू (छोटे जोड-प्रोसेसर) आहेत. २०२० च्या जीसीसी १० पासून त्यांच्यासाठी मुक्त कंपायलरही (सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) मिळतो.

उत्तर २
बोर्डाबद्दल सहमत आहे, पीआरयूबद्दल नाही. साध्या यंत्रमागाच्या सेकंदाला चार फेऱ्याही होत नाहीत; एवढ्यासाठी कर्नलची नेहमीची जीपीआयओ (पिनांवरचे संकेत वाचण्याची) सोय पुरेशी आहे, आणि तसा प्रोग्रॅम आधी हाताशी असलेल्या पायवर लिहून तपासता येईल. खरी काळजी वायरिंगची घ्यावी. फेरी ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर बहुधा २४ व्होल्टचा असतो आणि बीगलबोनच्या पिना ३.३ व्होल्टच्या, म्हणून मध्ये ऑप्टोकपलर (विजेचा थेट संबंध न ठेवता प्रकाशाने संकेत पोचवणारा भाग) नसेल तर बोर्ड जळालाच म्हणून समजा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. शेडपासून ऑफिसपर्यंत केबल नेणे अवघड आहे. वाय-फायचे काय?

उत्तर १
बहुतेक वाय-फाय चिपांना बंद फर्मवेअर लागते. अथेरॉसच्या एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल मात्र चालेल, कारण तिच्या फर्मवेअरचा सोर्स २०१३ मध्ये खुला झाला. डोंगल घेताना खोक्यावरच्या नावावर न जाता आतील चिप कोणती, हे विचारून घ्यावे.

उत्तर २
आणखी एक. बीगलबोनच्या घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली आणि नेटवर्कही नसले, तर वेळ चुकून पाळीची नोंद बिघडेल. आयटूसीवर (बोर्डाला इतर चिपा जोडण्याच्या दोन तारांवर) डीएस३२३१ हे बॅटरीवरचे घड्याळ जोडावे. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे.