माउंजारो (वजन उतरवायचं इंजेक्शन) परवडत नाहीये, मार्चपर्यंत थांबू की कसंतरी चालू ठेवू?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. वय 37, नाशिक, पीसीओडी, शुगर बॉर्डरवर, ऑक्टोबरमध्ये वजन 92 म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 34 च्या वर. एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांनी, माउंजारो सुरू केलं, पहिला महिना 2.5 एमजी, मग 5. आता जानेवारी 2026 मध्ये 85 आहे आणि कित्येक वर्षांनी पाळी गोळ्यांशिवाय वेळेवर आलीये, त्यामुळे औषध लागू पडतंय का हा प्रश्नच नाही. प्रश्न पैशाचा आहे. 5 ची एक व्हायल (छोटी बाटली) 4,100 ला पडते, आठवड्याला एक, म्हणजे महिन्याचे साडेसोळा हजार आणि माझा शाळेतला पगार 31 हजार. आत्तापर्यंतचं भिशी लागली होती त्यात निभावलं. ह्यांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, ॲडमिट झालं तरच देतात माहीत होतं तरी क्लेम टाकून बघितला, तर लठ्ठपणाचे उपचार बसत नाहीत असं एका ओळीचं उत्तर आलं. सासूबाईंना व्हिटॅमिनचं इंजेक्शन आहे म्हणून सांगितलंय, खरा आकडा कळला तर त्यांचंच वजन उतरेल.

तर विचारायचं हे की सातऐवजी दहा-बारा दिवसांनी घेतलं तर चालतं का, म्हणजे महिन्याला तीनातच भागेल? मैत्रीण म्हणते मोठ्या डोसचा पेन (पेनसारखं तयार इंजेक्शन) घे आणि अर्धा अर्धा वापर. आणि मार्चमध्ये ही औषधं स्वस्त होणार असं सगळीकडे ऐकतेय, मग तोवर बंदच ठेवू का?

चालता_बोलता
ताई राग मानू नका, पण साडेसोळा हजारात घरात महिन्याचा किराणा, दूध, गॅस सगळं होतं. पहाटे गोदाघाटावर पाऊण तास चाला आणि दीक्षित सरांचं दोनदाच जेवण, 55 मिनिटांत उरकायचं. फुकट आहे. माझे 11 किलो उतरले.

गोदाकाठची
दादा केलंय ते. 2019 ला आठ महिने. 9 उतरले आणि 13 आले.

मेडिकलवाला_सांगली
दुकान आहे माझं म्हणून लिहितो. सगळ्यात आधी मार्चचं, कारण रोज चार गिऱ्हाईकं हेच विचारतात. मार्च 2026 ला भारतात पेटंट संपतंय ते सेमाग्लुटाइडचं, म्हणजे वेगोव्ही, ओझेम्पिक, रायबेल्सस यांचं. तुमचं माउंजारो म्हणजे टिर्झेपटाइड, त्याचं पेटंट अजून बरीच वर्षं आहे. सिप्ला यूरपीक नावानं तेच औषध विकते पण भाव तोच. त्यामुळे मार्चमध्ये तुमची व्हायल स्वस्त होईल म्हणून थांबाल तर नुसत्याच थांबाल. स्वस्त हवं असेल तर औषध बदलावं लागेल आणि ते बदललं की डोस परत खालून, 0.25 पासून चढवत न्यायचा असतो, हे डॉक्टरच करणार.

व्हायल अर्धी करू नका. ती एका डोसची असते, प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, सुई घातल्यावर उरलेलं ठेवायचं नाही. पेनमध्ये चार डोस असतात पण पहिल्या वापरानंतर 30 दिवसांत तो टाकायचा, आणि तो ठरलेला पूर्ण डोस द्यायला बनवलाय, क्लिक मोजून अर्धा घ्यायचे व्हिडिओ लोक बघतात ते कंपनीनं कुठंही सांगितलेलं नाही. जीएसटी 12 चा 5 झाला तेव्हा 2.5 चा पेन 14,000 वरनं 13,125 ला आला, बाकीच्या डोसचे पण त्याच हिशोबानं उतरले, म्हणून जुनी एमआरपी कोण लावत असेल तर देऊ नका. आणि इन्स्टावर पावडरच्या बाटल्या विकतात ना, अर्ध्या किमतीत, त्याच्या वाटेला जाऊ नका. खोट्या ओझेम्पिकबद्दल डब्ल्यूएचओनं 2024 लाच इशारा दिलाय. ओळखीच्या दुकानातनं पक्कं बिल घेऊन घ्या, दर महिन्याचं गिऱ्हाईक म्हटल्यावर थोडं सोडतो आम्ही.

कोथरूडकर
क्लेम का बसला नाही ते सांगतो, मी यात डोकं फोडून घेतलंय. आयआरडीएआयनं, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकानं, सगळ्या कंपन्यांना वगळण्याचे सारखे कोड ठरवून दिलेत, त्यातला सहावा लठ्ठपणाचा. पण त्यात शस्त्रक्रिया बसते, बीएमआय 40 च्या वर असेल तर किंवा 35 च्या वर आणि सोबत हृदयविकार, स्लीप ॲप्निया, आटोक्यात न येणारी शुगर असलं काही असेल तर. म्हणजे पोट कापायला पैसे देतील पण इंजेक्शनला नाही. तुम्ही 34 ला होतात त्यामुळे तेही दार बंदच.

मी स्वतः आत्ता वेगोव्हीवर आहे. 2025 च्या जूनमध्ये आलं तेव्हा महिन्याला 17,345 होतं, नोव्हेंबरमध्ये कंपनीनंच सुरुवातीचा डोस 10,850 केला, पेटंट संपायच्या आधीच भाव उतरवला म्हणजे पुढं काय येणार याचा अंदाज त्यांनाही असणारच. ओझेम्पिक 2025 च्या डिसेंबरमध्ये 8,800 पासून आलं पण आपल्याकडे त्याला मान्यता डायबेटिसची. लिराग्लुटाइड या त्याच जातीच्या जुन्या औषधाचं बघा, ग्लेनमार्कनं 2024 च्या जानेवारीत लिराफिट आणलं तेव्हा रोजचा खर्च 100 रुपयांच्या आसपास आला, पण तो 1.2 एमजीचा, डायबेटिसचा डोस. वजनासाठी 3 एमजी लागतो म्हणजे ते पण साडेसात हजाराला जातं आणि वर रोज टोचायचं.

एकदम बंद मात्र करू नका. टिर्झेपटाइडच्या सरमाउंट-4 ट्रायलमध्ये 36 आठवड्यांनंतर ज्यांचं औषध काढून डमी इंजेक्शन दिलं त्यांचं वजन पुढच्या वर्षात 14 टक्के परत वाढलं. डॉक्टरला सरळ बजेट सांगा, लाजू नका. मला वाटतं विचारायचा खरा प्रश्न हा की 5 वरच राहिलं तर चालेल का, कारण 7.5 ला गेलात की महिन्याला 20 हजाराच्या वर जाल, आणि 5 हा राहण्याचा डोस म्हणून मान्य आहेच. दहा-बारा दिवसांचं पण त्यांनाच विचारा, मोठ्या ट्रायल सगळ्या आठवड्याच्याच आहेत.

जाता जाता, घरात कोणी साठीच्या वर असेल आणि पॉलिसीच नसेल तर जुन्या करपद्धतीत आयकराच्या 80डी वजावटीत त्यांच्या औषधांचे 50,000 पर्यंत धरता येतात. तुम्हाला उपयोग नाही, वाचणाऱ्या कोणाला असेल.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत पण हीच रडकथा, फक्त डॉलरमध्ये. माझी नोकरी गेली तेव्हा इन्शुरन्सही गेला, झेपबाउंड (तेच औषध, वजनासाठी इथे हे नाव) बंद पडलं. मग औषध बनवणाऱ्या लिली कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून व्हायल घ्यायला लागलो, 2025 च्या डिसेंबरपासून 2.5 एमजीचे 299 डॉलर, 5 चे 399, त्याच्या वर 449. पुण्यातला भाव डॉलरमध्ये काढून बघितला आणि आईला येताना घेऊन ये म्हणणार होतो, पण दुबईत सहा तास थांबून 22 तासांचा प्रवास आणि आईच्या बॅगेत बर्फाच्या पिशव्या, ती त्यात चितळेंची बाकरवडी ठेवणार हे नक्की. सोडून दिलं.

बहिणीसारखी म्हणून सांगतो, माझ्या बायकोलाही पीसीओडी आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर या औषधानं त्यांचा असर कमी होऊ शकतो, सुरू करताना आणि डोस वाढवताना चार आठवडे दुसरी काळजी घ्यायला सांगतात. पाळी सुरळीत झाली म्हणजे दिवस राहण्याची शक्यताही वाढली.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार, मार्चचा घोळ माझ्या लक्षातच आला नव्हता. काल डॉक्टरांना फोन करून सरळ म्हटलं की महिन्याला दहा हजाराच्या वर जमणार नाही. ते चिडतील वाटलं होतं पण म्हणाले आधी सांगायचं ना, मी पुढच्या महिन्यात 7.5 लिहिणार होतो. आता फेब्रुवारी-मार्च 5 वरच, दर आठवड्यालाच, त्यासाठी आरडी मोडतेय. एप्रिलमध्ये सेमाग्लुटाइडचे भाव काय येतात ते बघून बदलायचं, लगेच नाही.

आणि सासूबाईंना कळलं. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे खोका सापडला, वरची एमआरपी चष्मा लावून वाचली. दिवसभर बोलल्या नाहीत. रात्री भांडी घासताना येऊन विचारतात, माझे गुडघे दुखतात गं, मला चालेल का हे? वय 66, पॉलिसी कधी काढलीच नाही. कोथरूडकर, ते 80डी चं जरा नीट सांगा ना, बिल त्यांच्या नावावर लागतं का?