जपानी ॲनिमेशनपटांतील बायका आणि निसर्ग : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
परवा लेकीबरोबर 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) पुन्हा पाहिला. लांडग्यांनी वाढवलेली सान तिला आवडणार, अशी माझी खात्री होती; पण चित्रपट संपताच ती लोखंड गाळणाऱ्या गावाची प्रमुख एबोशी हिच्याविषयी म्हणाली, "आई, एबोशी जंगल तोडते हे खरं, पण तिच्या भट्टीवरच्या बायकांना दुसऱ्या कोणी थारा दिला असता का?" महाविद्यालयात आमचा गट याच प्रश्नावरून हमरीतुमरीवर येत असे, ते आठवले म्हणून हा धागा काढते आहे. हायाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता यांच्या चित्रपटांतील स्त्रिया आणि निसर्ग तुम्हाला कुठे भिडले, ते लिहावे.

भट्टीवाला
धातुशास्त्र हा पोटापाण्याचा विषय असल्याने मी एबोशीच्या बाजूने आहे. तातारा या लोखंड गाळण्याच्या जुन्या जपानी पद्धतीत लोहवाळू आणि लोणारी कोळसा यांचे थर मातीच्या भट्टीत टाकत राहतात आणि भाता दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. कोळसा म्हटला की झाडे आलीच, त्यामुळे तिचे जंगलाशी वैर स्वभावातून नव्हे, धंद्यातून आलेले आहे. प्रत्यक्षात अशा भट्ट्यांपाशी स्त्रियांना मज्जाव असे. मियाझाकींनी मात्र भाता बायकांच्याच पायांखाली दिला. कुंटणखान्यातून सोडवलेल्या त्या बायका कथेचा नायक आशिताका याला सांगतात की इथे पोटभर जेवण मिळते आणि पुरुष त्रास देत नाहीत.

सईची आई
माझे मत सानला. कुकर लावला आहे, सविस्तर नंतर लिहिते.

कोरडवाहू
माझे माहेर सोलापूरकडचे, घरी करडई होती. त्यामुळे ताकाहातांच्या 'ओन्ली यस्टरडे' (१९९१) मध्ये टोकियोतली सत्तावीस वर्षांची ताएको सुट्टी घेऊन यामागाताच्या शेतात करडईची फुले खुडायला जाते, तेव्हा मी उठूनच बसले. आमच्याकडे करडई तेलासाठी, त्यांच्याकडे पाकळ्यांच्या लाल रंगासाठी. पण काटे तेच, आणि दवाने ते मऊ असतात तोवर पहाटेच काम उरकण्याची घाईही तीच. आई हाताला फडकी गुंडाळून काढणीला जाई, तरी संध्याकाळी दिव्यापाशी बसून सुईने कुसळे काढावी लागत. ताएको सांगते की पूर्वी खुडणाऱ्या मुलींच्या बोटांतले रक्त लागून रंग अधिक गडद होई, आणि त्या मुलींना ती लाली जन्मात कधी ओठांना लावायला मिळत नसे. 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे लिहिणाऱ्यांनी हे दृश्य जरूर पाहावे. पुढे घरातली आजी तिला सरळ विचारते की आमच्या तोशिओशी लग्न करून इथेच का राहत नाहीस, आणि ताएको बाहेर पळत सुटते. सुट्टीत शेत आवडणे वेगळे आणि शेतकऱ्याची सून होणे वेगळे, हे तिला त्या क्षणी कळते, असे मला वाटते.

रानजाई
@कोरडवाहू, काकूंचे हात डोळ्यांसमोर आले. त्याच चित्रपटात शाळेतल्या मुलींच्या पाळीवरून मुलगे चिडवतात, तो भाग लेकीला दाखवायचा आहे.

निमित्तमात्र
थोडा विरोधी सूर लावतो. 'माय नेबर टोटोरो' (१९८८) मध्ये कापराच्या झाडाचे सर्वांना कौतुक, पण आई रुग्णालयात असताना सगळ्यांचे डबे कोण भरते? शाळकरी सात्सुकी. माझ्या ताईचे बालपण असेच गेले, म्हणून तो चित्रपट मला निव्वळ गोड वाटत नाही.

बांबूचे बन
'प्रिन्सेस कागुया' (२०१३) मध्ये रानात वाढलेल्या मुलीला राजधानीत आणून भुवया उपटण्याचे आणि दात काळे करण्याचे धडे देतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाआधी मावशीने दिलेल्या सूचना आठवून मला हसू आणि राग एकदमच आले.

पाणवठा
@भट्टीवाला, धंद्याची सबब पटत नाही. 'नौसिका' (१९८४) मध्ये नायिका नौसिका तळघरात, माणसे ज्याला घाबरतात त्या विषारी जंगलातली रोपे स्वच्छ पाण्यावर आणि मातीत वाढवते, आणि ती विषारी निघत नाहीत. विष झाडांत नसून माणसांनी नासवलेल्या मातीत आहे, हे ती स्वतः प्रयोग करून शोधते. पाणी तपासण्याच्या नोकरीकडे मी वळले ती या मुलीमुळे, कारण तिच्या मायेइतकीच तिची निरीक्षणशक्ती मोठी आहे.

भट्टीवाला
@पाणवठा, मान्य, पण नौसिकाच्या प्रयोगशाळेत पोटापाण्याची चिंता नाही, एबोशीच्या गावात आहे.

सईची आई
आले. सानला मत देण्याचे कारण तिचा शेवट. आशिताका आवडतो, पण माणसांना क्षमा करता येत नाही, असे ती त्याला तोंडावर सांगते आणि जंगलात परतते. गावात राहायचे ते त्याने, आणि भेटायला यायचे तेही त्यानेच. सासरी न जाणारी नायिका मी तोवर पाहिली नव्हती.