बंद पडलेल्या डब्यांची जुनी पानं कोड्यात वापरावीत का?

गोदाकाठकर

मंडळी, वाद माझ्यामुळे सुरू झालाय, तेव्हा धागाही मीच काढतो.

जे या खेळात नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. जिओकॅशिंगमध्ये एक जण डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतो. बाकीचे जीपीएस घेऊन तो हुडकतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबा होता तसा ठेवून देतात. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली आणि दोन-तीन दिवसांतच ऑरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला, तेव्हापासून हे चालू आहे. 'मिस्ट्री' प्रकारात पानावर दिलेली जागा नावापुरती असते. खरी जागा कोडं सोडवून काढायची, आणि ती त्या नावापुरत्या जागेपासून सुमारे ३.२ किलोमीटरच्या आत असावी लागते. आपण त्याला इंग्रजीतल्यासारखं 'कॅश' (cache) न म्हणता 'डबा'च म्हणतो, कारण नाशिकरोडला नोट प्रेसच्या आसपास वॉचमनने हटकलं तर 'कॅश शोधतोय' असं सांगायची सोय नाही.

आता मुद्दा. डबा पुरात गेला, कोणी उचलला किंवा मालक गाव सोडून गेला की त्याचं साइटवरचं पान, म्हणजे लिस्टिंग, आर्काइव्ह होतं, म्हणजे बंद केलं जातं. नकाशावरून ते गायब होतं, पण प्रत्येक डब्याला साइट जो अक्षर-आकड्यांचा कोड देते तो माहीत असला की पान उघडतं. वर्णन, हिंट, लोकांच्या नोंदी, सगळं जागच्या जागी. मी नाशिकमधली अशी ३ बंद पानं घेऊन एक मिस्ट्री केली. पहिल्या पानावरून डबा लपवल्याची तारीख, दुसऱ्यावरून काठिण्याचा आकडा, आणि तिसरा डबा किती जणांना सापडला ती संख्या गुणिले ११. हे शेवटचं उत्तर म्हणजे अक्षांशातल्या मिनिटांच्या दशांशानंतरचे ३ आकडे.

मागच्या रविवारी चहाच्या टपरीवर एकाने तोंडावर सांगितलं, 'हे म्हणजे मेलेल्याच्या खिशातून चिल्लर काढणं झालं.' मला ते लागलं. माझा हेतू उलटा होता. ती पानं कोणी उघडतच नाही, निदान या निमित्ताने लोक वाचतील. पण काही तक्रारी खऱ्याही आहेत, त्यामुळे मिस्ट्री सध्या तात्पुरती बंद ठेवली आहे. उत्तर फोडलंत तरी हरकत नाही. बोला.

रविवार_कारंजा

मी तुझ्या बाजूने. मुंबई नाक्यावर आता कुठला नाका आहे? अहिल्याबाई होळकर पुलाला निम्मं जुनं नाशिक अजून व्हिक्टोरिया पूलच म्हणतं. वस्तू जाते आणि नाव पत्त्याला उरतं, यात गैर काय? बंद डब्याचं पान हा तसाच पत्ता.

मी तुझं कोडं सोडवलं ते दुसऱ्या पानासाठी. गोदाकाठच्या त्या डब्यावर एका पावसाळ्यातली नोंद आहे: 'दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, डबा बहुतेक पैठणला पोचला.' एवढं वाचून मी तासभर खालच्या नोंदी वाचत बसलो. कोणाला लेंगा भिजवून सापडला, कोणाला वहीत ओला चिवडा सापडला. हे तू उकरून काढलं नसतंस तर मी मेलो तरी वाचलं नसतं.

शून्यदशांश

काका, भावना ठीक आहेत. मी त्या कोड्यापायी करवंदीच्या जाळीत दीड तास घालवलेला माणूस आहे, तेव्हा आधी हिशोब.

गोदाकाठकरने कोडं केलं तेव्हा तिसऱ्या पानावर सापडल्याच्या ४७ नोंदी होत्या. ४७ गुणिले ११ म्हणजे ५१७. मी पान उघडलं तेव्हा तिथे ४८ होत्या. ४८ गुणिले ११ म्हणजे ५२८. फरक ११ आकड्यांचा. अक्षांशात मिनिटाचा एक हजारांश म्हणजे जमिनीवर साधारण १.८५ मीटर. म्हणजे मी खऱ्या जागेच्या उत्तरेला २० मीटरवर, काट्यांत. माझा जीपीएस बरोबर, माझं गणित बरोबर, आणि डबा रस्त्याच्या पलीकडे.

४८वी नोंद आली कुठून? आर्काइव्ह झालेल्या पानावरही, ते कुलूपबंद केलेलं नसेल तर, नोंद टाकता येते. कोणीतरी डबा चालू असताना शोधला होता, नोंद करायची राहिली होती, ती आता केली. यात त्याची काहीच चूक नाही. गंमत पुढे आहे. नोंदीवर तारीख पडते ती तो तिथे गेला त्या दिवसाची, त्यामुळे ती यादीच्या मध्येच कुठेतरी जाऊन बसली. वरून खाली दहा वेळा वाचलं तरी नवी कोणती ते ओळखता येत नाही.

बंद पान म्हणजे गोठलेलं पान, हा समजच खोटा आहे. आणि खोट्या समजावर कोडं उभं केलं की काटे सोडवणाऱ्याला टोचतात, करणाऱ्याला नाही.

गोदाकाठकर

कबूल. संख्येचा आधार घ्यायला नको होता. मला वाटलं डबाच नाही तर नोंद कोण करणार.

मिसळ_आणि_मिनिटं

मला या खेळात येऊन जेमतेम ८ महिने झालेत. तुमचं पहिलं पान मला उघडलंच नाही. ते पैसे भरणाऱ्या सभासदांसाठीचं लिस्टिंग होतं. डबा चालू असता तर मी म्हणालो असतो ठीक आहे, तो माझ्यासाठी नाही. पण तुमची मिस्ट्री सगळ्यांसाठी खुली, आणि तिच्या पोटातली पहिली पायरी मात्र बंद दाराआड. हे आधी लिहायला नको?

दुसरं म्हणजे, जुन्या लोकांना ती पानं पाठ आहेत. माझ्यासमोर एका काकांनी कोड्यातलं वर्णन वाचून, कोड न बघता, तारीख सांगितली. का, तर डबा लपवायला तेच गेले होते! मी इकडे कोडमधलं ते अक्षर ओ की शून्य यावर अर्धा तास अडकलेलो. (नंतर कळलं की या कोडमध्ये आय, एल, ओ, एस आणि यू ही अक्षरं वापरतच नाहीत. म्हणजे शून्यच. हे कोणीतरी नवीन पोरांना सांगत जा राव.)

रविवार_कारंजा

ते काका मी नव्हे, एवढं नमूद करतो. पण बाळा, जुन्या माणसाला जास्त माहीत असणारच. सोमेश्वरच्या धबधब्यावर कोडं केलं तर नाशिकच्या माणसाला सोपं आणि पुण्याच्या माणसाला अवघड जाईल. मग काय धबधबाही वापरायचा नाही?

मिसळ_आणि_मिनिटं

धबधब्यावर मी आज संध्याकाळी जाऊ शकतो की. तुमच्या आठवणीत नाही जाऊ शकत.

लेणीवेडा

मुळात गरजच काय, हा माझा प्रश्न. नाशिकमध्ये वाचायला दगड कमी पडले का? पांडवलेणीत डबा ठेवणं बादच, संरक्षित स्मारक आहे. पण आकडे तर घ्या! लेणी २४. ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, त्याचा मुलगा पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षातला. तो १९ हा आकडा कोणी उशिरा नोंद टाकून २० करू शकत नाही. १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याची दानं कोरलेली आहेत, त्यात मोजायला हवे तेवढे आकडे आहेत. माणूस खुर्चीत बसून जुनी पानं चाळण्यापेक्षा पायऱ्या चढेल, घाम गाळेल, वर जाऊन शहर बघेल.

गोदाकाठकर

लेणीवेडा, तुझं म्हणणं पटतं, पण ते वेगळं कोडं झालं. मला लेण्यांवर कोडं नव्हतंच करायचं. गेल्या काही वर्षांत आपल्या गावात लोकांनी जे डबे लपवले, हरवले, ज्यांच्यावर भांडले, त्यावर करायचं होतं. शिलालेखाची काळजी घ्यायला पुरातत्त्व खातं आहे. या पानांना कोण आहे?

तपोवनी

मी आहे.

तिसरं पान माझं. इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण हा शेवटचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझ्या पानावर कोणी काहीही लिहिलं की मला मेल येते, डबा बंद असला तरी. तुझी मिस्ट्री सुरू झाल्यापासून ६ आल्या. 'धन्यवाद, आकडा मिळाला.' 'पुढच्या डब्यासाठी आलो होतो, छान पान.' (तुझं कोडं फुटतंय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही, ते जाऊ दे.) मला आधी काही कळेचना. वर्षानुवर्षं गप्प असलेलं पान अचानक का बोलायला लागलं?

तो डबा एका वाड्याच्या मागच्या भिंतीत होता. तिथल्या आजोबांनी स्वतः जागा दाखवली होती, सैल विटेमागे. लोक आले की ते ओट्यावर बसून 'थंड, थंड, आता गरम' असं सांगायचे. ते गेल्यावर घरच्यांना त्रास व्हायला लागला, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. मी डबा काढून आणला, वीट सिमेंटने बसवून दिली आणि पान बंद केलं. बंद करताना कारण लिहिलं नाही. घरच्यांबद्दल काय लिहिणार?

दोन आठवड्यांपूर्वी रात्री ९ वाजता दोन मुलं टॉर्च घेऊन त्या भिंतीपाशी. वाड्यातल्या सूनबाईंचा मला फोन आला. मी जाऊन माफी मागून आले. मुलं चांगली होती, म्हणाली, 'कोड्यात हे पान होतं, म्हटलं इथेही काही असेल.'

गोदाकाठकर

ताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. पण मी तुमच्या पानावरची जागा वापरलेली नाही. फक्त संख्या घेतली.

तपोवनी

तू नाही घेतलीस. पण पान उघडल्यावर सगळ्यात वर काय दिसतं? जागेचे आकडेच ना. कोड्याने ओढून आणलेला माणूस समोर आकडे दिसल्यावर घरी बसेल का? तू बसला असतास?

मला न विचारता पान वापरलंस याचा राग नाही. ते सगळ्यांना दिसतं, मान्य. पण विचारलं असतंस तर हे एका ओळीत सांगितलं असतं.

शून्यदशांश

ताईंच्या मुद्द्याला जोडून एक. डबा आर्काइव्ह झाला की त्याच्याभोवतीचं १६१ मीटरचं वर्तुळ मोकळं होतं, म्हणजे दुसरा कोणीही तिथे नवा डबा ठेवू शकतो. गोदाकाठकरच्या पहिल्या पानाच्या जागेपासून ४० पावलांवर आज दुसऱ्याच माणसाचा डबा आहे. दोघांनी त्याच्या वहीत सही करून मिस्ट्री सुटली म्हणून जाहीर केलं. त्या डब्याच्या मालकाने मला विचारलं, ही अनोळखी नावं कुठून आली?

तारीख, काठिण्य, कोड, जागा एवढं घेतलं तर गणित बिघडण्याची भीती फार नाही, हे मी मान्य करतो. संख्या, फोटो, नोंदींतली वाक्यं यांच्यावर कोडं बांधायचं नाही. आणि उत्तर तपासायची सोय पानावर ठेवायची, म्हणजे माझ्यासारख्याला काट्यांत जाण्याआधी कळेल. पण तपोवनीताई म्हणतात ते गणिताने सुटत नाही.

रविवार_कारंजा

मी माझं मत थोडं मागे घेतो. पूर्ण नाही.

पुरात गेलेला डबा वेगळा आणि कोणाच्या भिंतीतून काढलेला डबा वेगळा. पहिल्याचं पान कोड्यात घ्यायला माझी अजूनही ना नाही. दुसरा मालकाला विचारल्याशिवाय नाही. अडचण एवढीच की पानावर दोन्ही सारखेच दिसतात, 'आर्काइव्ह' एवढाच शिक्का. आणि सिंहस्थाच्या दिवसांत काठावर बेवारस वस्तूवरून किती आरडाओरडा होतो ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा बंद जागेपाशी टॉर्च घेऊन पोरं पाठवणारं कोडं नकोच.

लेणीवेडा

मी तर म्हणतो एकही नको. आज विचारून घ्याल, उद्या तो मालक साइट सोडून गेला तर विचारणार कोणाला? त्याचं मौन म्हणजे होकार धरणार?

मिसळ_आणि_मिनिटं

आणि पैसेवाल्यांचं पान काढा प्लीज.

गोदाकाठकर

ठीक. असं करतो. पहिलं पान काढतो, तिथे सगळ्यांना उघडणारं दुसरं घेईन. दुसरं, पुरातलं, ठेवतो. त्याच्या मालकाला आत्ताच निरोप पाठवला आहे, उत्तर आलं तर. कोड्याच्या वर ठळक लिहितो: जुन्या जागी काहीही नाही, जाऊ नका, जुन्या पानावर काही लिहू नका.

तिसरं पान काढलं. त्या जागी काय टाकायचं ते अजून ठरलं नाही. लेणीवेडाचा १९ टाकला तर तो महिनाभर मला सोडणार नाही.

ताई, त्या वाड्यात मीही जाऊन यायला हवं असं वाटतं. चालेल का?

तपोवनी

शनिवारी सकाळी ये, १० नंतर. टॉर्च आणू नकोस.

लेणीवेडा

१९च टाक.