डाऊन सिंड्रोम: १० महिन्यांचं बाळ घास जिभेने बाहेर ढकलतं, काय करावं?

आत्या, चोपडा तालुका
भाच्याला डाऊन सिंड्रोम आहे. कॅरिओटाइपमध्ये (गुणसूत्रांच्या तपासणीत) ट्रायसोमी २१ आलंय, म्हणजे २१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन. वय १० महिने, वजन ६.४ किलो. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) जन्मानंतर झाला, हृदय ठीक आहे. दूध पितो, पण पेज-खिचडीचा घास जिभेने बाहेर ढकलतो. म्हणून आजी मांडीवर आडवं घेऊन बोंडल्याने पातळ पेज ओततात. शी ४-४ दिवस होत नाही. शिवाय घरात सगळे अहिराणी बोलतात, तर शेजारचे म्हणतात याच्याशी शुद्ध मराठीच बोला, नाहीतर गोंधळेल. वहिनी रडकुंडीला आलीय. सुरुवात कुठून करावी?

स्पीच थेरपिस्ट, धुळे
बोंडलं आजच बंद करा. आडव्या बाळाच्या घशात ओतलेली पेज श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि या मुलांना पुष्कळदा ठसकाही लागत नाही. जेवताना ओली घरघर येत असेल किंवा छाती सारखी भरत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

जीभ बाहेर येते म्हणजे बाळाला घास नको आहे, असं नाही. जिभेचे, ओठांचे, मानेचे स्नायू सैल असतात. धड डुगडुगत असलं की तोंडालाही नेमकी हालचाल जमत नाही. त्यामुळे आधी बैठक. कोपऱ्यात किंवा छोट्या खुर्चीत ताठ बसवा, दोन्ही बाजूंना गोधडीची गुंडाळी, पायांखाली पाट. पाय लोंबकळत राहिले तर बाकी सगळं फुकट जातं. हनुवटी किंचित खाली हवी.

घास अर्ध्या चमच्याहून कमी. चमचा समोरून सरळ आत न्या, जिभेच्या मधोमध हलकं दाबा आणि वरचा ओठ खाली येऊन घास ओढून घेईपर्यंत थांबा. बहुतेक घरी चूक होते ती इथेच: घास वरच्या हिरडीला पुसून चमचा वर उचलतात. मग मान मागे जाते, जीभ आणखी पुढे येते आणि ओठाला काही कामच उरत नाही. जबडा फार उघडा राहत असेल तर बाळाच्या बाजूला बसून तर्जनी खालच्या ओठाखाली आणि मधलं बोट हनुवटीखाली धरा. आधार द्यायचा, दाबायचं नाही.

पेज चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट करा. घोटलेली मूगडाळ-खिचडी, ज्वारीची घट्ट पेज, कुस्करलेलं पिकलं केळं चालेल. पातळ वरणात भाताची शितं नकोत. पाणी आणि शितं एकाच वेळी सांभाळणं सर्वांत अवघड. १५-२० मिनिटांत थांबा, बाळ दमलं की ढकलणं वाढतं.

बालरोग विभागातली परिचारिका, जळगाव
बद्धकोष्ठता नुसती सैल स्नायूंची समजू नका. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासलाय का? डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड जन्माच्या वेळी, ६ महिन्यांनी, १२ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी बघतात. जन्माचा रिपोर्ट चांगला होता म्हणून पुढचे सोडू नका. पहिली शी ४८ तासांनंतर झाली असेल आणि पोट फुगत असेल तर हिर्शस्प्रंग आजार (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशी नसणं) तपासायला लागतो. घरचे जुलाब देऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उकळून गार केलेलं पाणी दिवसातून अनेकदा चमच्याने द्या.

वाढीसाठी डाऊन सिंड्रोमचे वेगळे तक्ते असतात. अंगणवाडीच्या तक्त्यावर बाळ खाली दिसलं तर घाबरू नका, पण वजन दर महिन्याला नोंदवा.

तापीकाठ
अहिराणीच बोला! आजीला जी भाषा मनापासून येते तीच बाळाला सर्वांत जास्त ऐकू येणार. डाऊन सिंड्रोमची मुलं दोन भाषा शिकू शकतात. पाणी देताना "पानी" म्हणा, हाताने खूण करा आणि मनात १० मोजेपर्यंत त्याच्याकडे बघत थांबा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो आणि आपण मध्येच बोलून मोकळे होतो. मात्र कानांची तपासणी ठेवा. पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणं या मुलांत फार आढळतं.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलांची तपासणी करणारं पथक वर्षातून दोनदा येतं. त्याची वाट न बघता सेविकेकडून संदर्भचिठ्ठी मागा. आणि दिवसातलं एक जेवण तुमच्या भावाने भरवावं, रोजचं ठरवून. वहिनीला तेवढा वेळ पाठ टेकू दे.

आत्या, चोपडा तालुका
टीएसएच उद्याच करतो. चमचा कोणता घ्यायचा?

स्पीच थेरपिस्ट, धुळे
उथळ, जवळजवळ सपाट आणि अरुंद, बाळाच्या तोंडाच्या रुंदीहून लहान. खोलगट चमच्यातून ओठाला घास काढता येत नाही.