शब्द हवा: 'डिसेंट्रलाइज्ड स्टोरेज'ला मराठीत काय म्हणायचं?

टाकबोरू: ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली नोंदींची साखळी) चालणाऱ्या अॅप्सचा डेटा कुठे राहतो, या विषयावरच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. मी 'विकेंद्रित विदासाठा' लिहिलं होतं, विदा म्हणजे डेटा. तपासणाऱ्या बाईंनी तांबडी रेघ मारून परत पाठवलं. शेरा असा: 'साठा गोदामात असतो आणि छाप्यात सापडतो.' मग 'साठवणूक' करू का? आणि 'विकेंद्रित' तरी बरोबर आहे का? शुक्रवारी द्यायचंय.

उंबरठा: साठा म्हणजे ठेवलेला माल, साठवण म्हणजे ठेवायची सोय. साठवण तलाव म्हणतोच की आपण. 'साठवण' करा आणि मोकळ्या व्हा.

हिंगजिरं: ते 'विदा' आधी काढा हो. हिंदी येणाऱ्या कोणालाही वाटेल मुलगी सासरी निघालीय.

शुद्धमती: का काढायचं? 'विद्' धातूवरून आलेला, दोन अक्षरी, सुटसुटीत शब्द. 'दिनांक' आणि 'महापौर' आले तेव्हाही लोक हसले होते. आज कोण हसतं?

हिंगजिरं: दिनांक फक्त अर्जावर असतो. घरी 'आज तारीख काय' असंच विचारतात.

चावडीकर: माझा आक्षेप 'विकेंद्रित'ला आहे. उभी नोकरी जिल्हा परिषदेत झाली. वसंतराव नाईक समितीने शिफारशी केल्या, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, त्याला आम्ही लोकशाही विकेंद्रीकरण म्हणायचो. म्हणजे आधी वरच्याकडे अधिकार होते, त्यातले काही खाली दिले. या तुमच्या प्रकारात कोणी कोणाला काय दिलं?

बिटबिट: कोणी काही दिलं नाही काका, म्हणून तर घोळ आहे. इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर ३२ बाइटचा एक रिकामा कप्पा पहिल्यांदा भरायला किमान २०,००० गॅस (शुल्क मोजायचं माप) लागतो. साधे पैसे पाठवायला २१,००० लागतो. म्हणजे हजारो कप्प्यांचा एक फोटो साखळीवर ठेवायचा तर दिवाळं. म्हणून फोटो बाहेर ठेवतात आणि साखळीवर फक्त त्याचा पत्ता. हा पत्ता जागेचा नसतो, मजकुराचा असतो. फाइलमधूनच गणिताने एक ठसा काढतात, तोच पत्ता. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदला, पत्ता बदलतो. आयपीएफएस हे फाइल ठेवायचं-वाटायचं जाळं चालतं ते असं. ज्याच्याकडे ती फाइल असेल तो देतो.

चावडीकर: आणि कोणाकडेच नसेल तर?

बिटबिट: तर पत्ता राहतो, फाइल नाही. कोणीतरी ती 'पिन' करून ठेवावी लागते, नाहीतर जागा कमी पडली की तात्पुरत्या प्रती झाडून टाकतात. एनएफटीवाल्यांपैकी (चित्राबित्राच्या मालकीची साखळीवरची नोंद विकत घेणारे) कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं. 'विकेंद्रित' वाचलं की त्यांना वाटतं, ठेवलं म्हणजे कायमचं राहिलं.

टाकबोरू: 'पिन करणे' पण पुस्तिकेत आहे! 'टाचणे'?

शुद्धमती: 'खुंटवणे'. गाय खुंट्याला बांधतात तसं.

हिंगजिरं: खुंटलं म्हणजे वाढ थांबली हो. 'माझा डेटा खुंटला' म्हणून लोक तक्रार घेऊन येतील. 'पिन करणे' ठेवा, साडीला करतोच की.

हळदुल्या: आमच्या सांगलीकडे यासाठी शब्द तयार आहे: पेव. हरिपूरला जमिनीखाली हळदीची पेवं होती, एकेकात पोत्यांच्या राशी, वरून दिसायचं काहीच नाही. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच गेली. विखुरलेली साठवण ती हीच.

बिटबिट: पण त्या पेवाला मालक असायचा ना? हळद कोणाची, राखणार कोण, हे ठरलेलं. आयपीएफएसमध्ये राखायची जबाबदारी आपसूक कोणावरच येत नाही. फाइलकॉइन या दुसऱ्या साठवण जाळ्यावर येते. तिथे पैसे घेऊन ठेवणाऱ्याला 'माल अजून माझ्याकडे आहे' असं गणिताने पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं, चुकला तर तारण कापलं जातं. २०२० पासून चालू आहे. आरवीव्ह या तिसऱ्या जाळ्यावाले एकदाच पैसे घेतात आणि कायमचं ठेवू म्हणतात. तिन्हींना एकच शब्द लावला की वाचक फसलाच.

उंबरठा: शिवाय 'पेव फुटणे' आहेच. ब्लॉकचेन कंपन्यांचं फुटलेलंच आहे.

चावडीकर: मग 'बिनकेंद्री' म्हणा. निदान कोणी काही दिल्याचा आव तरी नाही.

शुद्धमती: 'बिन' फारसी समजतात. 'अकेंद्री' म्हणा. आणि साठवणीला 'कोठार', थेट 'कोष्ठागार'वरून आलेला शब्द.

हिंगजिरं: कोष्ठ म्हणजे पोटसुद्धा. कोष्ठबद्धता ऐकली असेल. अकेंद्री कोठारात डेटा अडकला तर एरंडेल द्यायचं का?

शुद्धमती: थट्टा करा, पण 'कोठा साफ होणे' हा अस्सल मराठी वाक्प्रचार आहे. पोट हेच मूळ कोठार.

वऱ्हाडी_ठेचा: आमच्याकडे कोठा म्हणजे गुरांचा. त्यात पोट कुठून आलं?

शुद्धमती: तो गोठा. 'गोष्ठ'वरून. शब्द वेगळे.

वऱ्हाडी_ठेचा: गोठा तुमच्याकडे. आमच्या आबाजींच्या कोठ्यात बैलं बी होते अन् कुटाराची, म्हंजे भुशाची, रासही. आता सांगा, गोष्ठ का कोष्ठ?