झोपेत दात खाणारी माणसे : तुमचेही अनुभव लिहावेत

सांजवेळ :
काल रात्री मुलाच्या खोलीतून दातांची करकर ऐकू आली आणि वडिलांची तीव्रतेने आठवण झाली. त्यांनी कोणावर कधी आवाज चढवला नाही. सगळे मुकाट्याने पोटात घालायचे आणि झोपेत मात्र असे दात खायचे की भिंतीपलीकडे ऐकू येई. पन्नाशीपर्यंत त्यांच्या दाढांचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. आम्ही जंतांना दोष देत राहिलो. मनावरच्या ताणाशी त्याचा संबंध असू शकतो, हे मला फार उशिरा कळले. स्वभावाचा किंवा ताण सोसण्याच्या सवयींचा दातांवर झालेला परिणाम कोणी अनुभवला असेल, तर जरूर लिहावे.

काठावरचा :
भीती वाटली की टाळायचे, हा माझा स्वभाव. आठ वर्षे दातांच्या डॉक्टरांकडे गेलो नाही. मध्यंतरी दाढेचा ठणका आपोआप थांबला, तेव्हा सुटलो असे वाटले. प्रत्यक्षात आतली नस मेली होती आणि मुळाशी पू साचत होता. दाढ गेलीच. आताच्या डॉक्टरांशी ठरले आहे की मी हात वर केला की त्यांनी थांबायचे. एवढ्यानेही खुर्चीत बसणे जमू लागले.

शमी :
मला सगळे लख्ख लागते. मन अस्वस्थ असले की मी कडक ब्रशने जोर लावून दात घासत असे. त्याने हिरड्या मागे सरकल्या, दातांच्या मानेशी पाचरीसारख्या खाचा पडल्या आणि गार पाण्याने कळ येऊ लागली. दातावरचे कवच शरीरातले सर्वांत कठीण असले, तरी एकदा झिजले की पुन्हा उगवत नाही, हे ऐकून मी रडले होते.

वाटसरू :
नैराश्याच्या काळात माझ्यात ब्रश उचलण्याचेही त्राण नव्हते. त्यातच औषधांनी तोंड कोरडे पडे. लाळ आम्ल सौम्य करते, दात धुऊन काढते. तीच आटल्यामुळे हिरड्यांलगत भराभर कीड लागली. लोक आळशी म्हणाले. औषध बंद न करता, डॉक्टरांच्या सल्ल्याने जादा फ्लोराइडची पेस्ट आणि वारंवार पाण्याचे घोट, यांवर सावरते आहे.

काठावरचा :
वाटसरू, तो आळस नव्हता. तुम्ही हे लिहिलेत, फार बरे केलेत.

अनामिका :
सांजवेळ, मी जागेपणीच जबडा आवळते. कामाच्या नादात कळतही नाही, संध्याकाळी कानशिले दुखू लागली की लक्षात येते. ओठ मिटलेले पण दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती आहे, अशी चिठ्ठी मी समोर लावली आहे. रात्री नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसवायचा संरक्षक साचा, घालते. त्याने सवय जात नाही, झीज मात्र वाचते.

सांजवेळ :
नाइट गार्डने झोप मोडत नाही का?

अनामिका :
पहिले पंधरा दिवस लाळ फार सुटली आणि सकाळी दात नीट बसत नाहीत असे वाटे. ते थोड्या वेळात जाई. तो गार पाण्यानेच धुवावा, गरम पाण्याने आकार बिघडतो. मुलासाठी मात्र आपण होऊन घेऊ नका, कारण त्याचे दात अजून बदलत असतील आणि पुष्कळ मुलांचे दात खाणे वाढत्या वयात आपोआप थांबते.