तीन भविष्यचित्रे मांडली आणि चर्चाच आटोपली

प्रश्न
वस्तीच्या पुढील वीस वर्षांचा विचार व्हावा म्हणून आम्ही तीन भविष्यचित्रे लिहून सभेपुढे ठेवली: एक चांगले, एक वाईट, एक मधले. वाचन संपताच ‘मधलेच होणार’ असे सर्वांनी ठरवून टाकले आणि अर्ध्या तासात सभा उठली. कुठे चुकले असावे?

प्रतिसाद १
चित्रे तीन असली की माणूस मधल्याला अंदाज समजतो, आणि चांगले-वाईट अशी नावे दिली की पसंतीचा कौल आपोआप लागतो. त्याऐवजी आधी जे जवळपास ठरलेले आहे ते बाजूला काढावे. उदाहरणार्थ, वीस वर्षांनी साठी ओलांडणारी माणसे आज चाळिशीत आहेतच. मग उरलेल्या अनिश्चित बाबींतून सर्वांत परिणामकारक अशा दोन निवडाव्यात. पाणी पुरेल की आटेल आणि तरुण राहतील की जातील, या दोहोंच्या जोड्या लावल्या की चार चित्रे मिळतात, आणि त्यांत मधले असे कोणतेच नसते. मात्र या बाबी वस्तीच्या हातातल्या नसाव्यात, कारण जे आपणच ठरवणार ते अनिश्चित म्हणून मांडणे ही पळवाट होते.

प्रतिसाद २
मला आकड्यापेक्षा ‘आम्ही लिहून ठेवली’ हे शब्द जास्त खटकले. दक्षिण आफ्रिकेत १९९१-९२ मध्ये, वर्णद्वेषी राजवट संपत असताना, मॉन्ट फ्लूर येथे परस्परविरोधी गटांतील बावीस जणांनी एकत्र बसून देशाची चार भविष्यचित्रे रचली. एकाला नाव दिले शहामृग, म्हणजे वाळूत डोके खुपसून वाटाघाटी टाळणारे सरकार. दुसरे इकॅरस, म्हणजे ग्रीक पुराणकथेत सूर्याजवळ उडून खाली कोसळलेल्या तरुणासारखी, लोकप्रिय खर्चाच्या भरात उंच उडून कोसळणारी अर्थव्यवस्था. एरवी एकमेकांचे ऐकून न घेणाऱ्यांना या नावांमुळे समान भाषा मिळाली. आयत्या अहवालाने ती मिळाली नसती, असे माझे मत आहे.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही मान्य. भर एवढीच की प्रत्येक चित्रात एक सकाळ लिहून घ्या: नळाला पाणी किती वाजता येते, आजीला दवाखान्यात कोण नेते, शाळेच्या वर्गात किती मुले आहेत. त्यानंतर ‘कोणते आवडले?’ असे न विचारता ‘हेच घडले तर आज काय केलेले उपयोगी पडेल?’ असे विचारा. चारही चित्रांत उपयोगी ठरणारी कामे लगेच हाती घेता येतात.

मूळ प्रश्नकर्ता
पुढच्या सभेला कोरे कागद नेतो. पाणी आटलेले आणि तरुण गेलेले चित्र लिहायला मात्र कोणी पुढे येईल असे वाटत नाही.

प्रतिसाद ३
ते चिठ्ठ्या टाकून वाटा. वाट्याला आले म्हणून लिहिणाऱ्यावर निराशावादी असल्याचा ठपका येत नाही.